लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगराच्या फाळापासून इंजिनाच्या क्रँकपर्यंत

पांढुर्णा आणि सौसर हा सातपुड्याच्या कुशीतला मराठी मुलूख. राज्य मध्य प्रदेशाचे, घरची भाषा मराठी, शेतात कापूस आणि संत्री. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. विहिरीच्या पाण्यावर बाग राखणाऱ्या अशा मुलखात किर्लोस्कर हे आडनाव पुस्तकाच्या आधी इंजिनावरच्या पाटीवर वाचले जाते. त्या आडनावाला यंत्राशी जोडणारा पुरुष मात्र चित्रकार व्हावयास निघाला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद उमगत नसे. रंगांनी पाठ फिरवली, तेव्हा त्यांनी रेषेचा हात धरला. यंत्रांची रेखाटने ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा मानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. सायकल विकावी, चालवावयास शिकवावी आणि मोडली तर दुरुस्तही करावी, असा तो व्यवसाय होता.

दुरुस्ती करता करता हात निर्मितीकडे वळले. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर झाला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. इतक्यात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. चाळिशीच्या प्रपंची माणसापुढे सारे पुन्हा मांडण्याचा प्रसंग आला.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. वाडीत शिवाशीव पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंग भोगून आलेल्यांस त्यांनी राखणदारीवर नेमले. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघर पोहोचले.

गावचा लोहार एकेक वस्तू घडवी. म्हणून एकाचा फाळ दुसऱ्याच्या नांगरास बसेलच, असे नसे. कारखान्यात एकाच साच्यावरून ओतलेले भाग मात्र एकमेकांच्या जागी बसू शकतात. नांगरासारख्या साध्या वस्तूत ही शिस्त बाणली, तिचा कस पुढे इंजिनात लागला.

१९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. हे काम पुत्र शंतनुराव यांच्या पिढीचे. लक्ष्मणराव तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्या कारखान्याच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि सामावणूक ५५३ घनसेंटिमीटर. त्याच घराण्यातील टीव्ही-१ मध्ये धाव तेवढीच ठेवून सिलिंडर ८७.५ मिलिमीटर केला, तेव्हा सामावणूक ६६१ झाली.

सामावणूक वाढविण्याची दुसरी वाट क्रँकमधून जाते. पिस्टनची धाव क्रँकच्या आऱ्याच्या दुप्पट असते. अमेरिकेतील तरुण फोर्ड मोटारीच्या व्ही-८ इंजिनात तिच्याच मर्क्युरी या भावंडाचा १९४९ नंतरचा क्रँक बसवीत. धाव पावणेचार इंचांवरून चार इंच होई आणि २३९ घनइंचांचे इंजिन २५५ चे होई. भावंडे एका मापाची होती म्हणूनच हे साधे. मात्र आरा जितका वाढेल तितका पिस्टन वर चढतो. त्यास अनुरूप पिस्टन किंवा दांडा न घातला, तर डिझेल इंजिनात तो थेट माथ्यावर आदळेल. ज्याची बाग एका इंजिनावर तगून आहे, त्याने भर उन्हाळ्यात ही हौस जपूनच करावी. घासलेल्या क्रँकच्या जागी त्याच मापाचा दुसरा बसावा आणि सायंकाळपर्यंत पाणी सुरू व्हावे, यातच त्याचे हित असते.

लक्ष्मणरावांचे देहावसान २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. चित्रकाराचे रंग त्यांस लाभले नाहीत. पण त्यांची रेषा मापात राहिली. गावातला मिस्त्री सुटा भाग हातात घेतो आणि तो पहिल्याच खेपेस जागेवर बसतो, तेव्हा त्या शिस्तीचे मोल शेतकऱ्यास कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.