मोल्सवर्थ : एका गावाचे नाव, एका कोशाचे नाव

गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करण्याची रीत महाराष्ट्राला परिचित आहे. इंग्लंडमध्ये गावाचे नावच अनेकदा जसेच्या तसे आडनाव झाले. मोल्सवर्थ हे अशांपैकी एक, आणि तेही विरळा आढळणारे. पूर्वीच्या हंटिंग्डनशायर परगण्यात, आताच्या केंब्रिजशायरमध्ये, या नावाचे छोटे गाव आहे. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक'मध्ये त्याची नोंद सापडते. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. मूल नावाच्या कुणा माणसाची ती वस्ती, असा या नावाचा अर्थ लावला जातो.

हे आडनाव पुढे दूरवर गेले. कॉर्नवॉलमधील पेनकॅरोच्या मोल्सवर्थ घराण्याला १६८९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. आयर्लंडमधील रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट झाले. डब्लिनमधील एक रस्ता आजही हे नाव मिरवतो. तेथे हे नाव किताब आणि जमीनजुमल्याच्या आधाराने टिकले. महाराष्ट्रात ते टिकले शब्दांच्या आधाराने.

त्याचे श्रेय जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचे. १७९५ मध्ये जन्मलेले मोल्सवर्थ कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करात दाखल झाले. येथे त्यांनी मराठी आणि संस्कृत आत्मसात केली. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू आणि एतद्देशीय शास्त्री यांच्या साह्याने त्यांनी सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. संस्कृत-फारसी शब्दांच्या बरोबरीने कोकणातील बोली, शेतकरी-कारागिरांचे शब्द आणि म्हणी यांनाही त्यांनी मानाचे स्थान दिले.

प्रकृती ढासळल्याने १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाचे अपुरे राहिलेले काम टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केले. मराठी-इंग्रजी कोशाच्या सुधारित आवृत्तीसाठी १८५१ मध्ये मोल्सवर्थ पुन्हा भारतात आले. उत्तर हिंदुस्थान उठावाने धगधगत असताना, १८५७ मध्ये, सुमारे ६० हजार शब्दांची ती आवृत्ती मुंबईत बाहेर पडली. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

व्यवहारातून लुप्त झालेले कित्येक मराठी शब्द आज या कोशातच अर्थासह भेटतात. म्हणूनच मराठीच्या अभ्यासकांमध्ये 'मोल्सवर्थ पाहा' असे म्हटले जाते, तेव्हा कुणालाही माणूस आठवत नाही; आठवतो तो कोश. इंग्लंडमधील एका खेड्याचे नाव असे मराठीचे झाले.