आगबोटींच्या युगाचे भारतीय शिल्पकार : अर्देशीर कर्सेटजी वाडिया

मुंबईच्या गोदीत ईस्ट इंडिया कंपनीच्या आगबोटींची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारखान्याची सूत्रे १८४१ मध्ये अर्देशीर कर्सेटजी वाडिया या ३२ वर्षांच्या पारशी अभियंत्याकडे सोपविण्यात आली. प्रमुख अभियंता आणि यंत्रनिरीक्षक हे त्यांचे पद होते आणि वेतन दरमहा ६०० रुपये. या नेमणुकीमुळे सुमारे शंभर युरोपीय कारागीर एका भारतीयाच्या हुकमतीखाली आले. कंपनी सरकारच्या काळात ही गोष्ट अनेक इंग्रजांच्या पचनी पडणारी नव्हती.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे सुरतेचे. या घराण्यातील लवजी नसरवानजी १७३६ मध्ये कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आले आणि तेव्हापासून मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणी पिढ्यान्‌पिढ्या वाडियांकडे राहिली. मलबारच्या सागवानातून त्यांनी बांधलेली जहाजे टिकाऊपणाबद्दल इंग्लंडच्या आरमारातही नावाजलेली होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगती ठेवलेली आहे.

अर्देशीर किशोरवयातच गोदीत दाखल झाले. त्यांनी लाकूडकाम आणि जहाजाची रचना घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकून घेतली. मात्र त्यांचे मन ओढले गेले ते वाफेच्या यंत्राकडे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझकडे निघाली आणि महिनाभरात तेथे पोहोचली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड ते भारत या प्रवासाला कित्येक महिने लागत. शिडांचे दिवस भरत आले आहेत, हे शिडाची जहाजे बांधणाऱ्या घराण्यातील या तरुणाने ओळखले.

मार्गदर्शन करणारी संस्था भारतात नसताना त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने एक अश्वशक्तीचे लहान वाफेचे यंत्र तयार केले. पुढे इंग्लंडहून दहा अश्वशक्तीचे यंत्र मागवून ते ‘इंडस’ नावाच्या छोट्या नौकेवर बसविले. १८३४ मध्ये त्यांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग वायुदिव्यांनी उजळली. तो चमत्कार पाहण्यासाठी खुद्द गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर त्यांच्याकडे आले. मुंबईच्या रस्त्यांवर वायुदिवे लागण्यास त्यानंतर सुमारे तीन दशके जावी लागली.

अधिक शिक्षणासाठी अर्देशीर १८३९ मध्ये तांबड्या समुद्राच्या मार्गाने इंग्लंडला गेले. तेथील कारखाने, गोद्या आणि यंत्रशाळा त्यांनी बारकाईने पाहिल्या, सागरी यंत्रविद्येचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले आणि आपल्या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत प्रसिद्ध केली. कंपनीच्या संचालकांनी त्यांची योग्यता पारखून त्यांना मुंबईच्या कारखान्यावर नेमले.

या कारखान्यावर बंदराचा मोठा भार होता. त्या काळी आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी वापरले जाई. ते उकळताना मिठाचा थर आत साचे, पत्रे तापून कमकुवत होत आणि प्रत्येक मोठ्या सफरीनंतर बॉयलर उघडून साफ करावे लागे. दुरुस्ती रखडली की सुवेझकडे जाणारे टपाल आणि प्रवासी दोन्ही अडकून पडत. साम्राज्याचा पत्रव्यवहार वेळेवर चालणे हे मुंबईच्या ओतशाळेतील कामाच्या नेटकेपणावर अवलंबून होते.

नेमणुकीची वार्ता पसरताच मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत विरोधाचा सूर उमटला. भारतीय मनुष्य कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख ठेवणे आणि त्यांना शिस्त लावणे त्याला जमेल का, अशी शंका उघडपणे घेण्यात आली. अर्देशीर यांच्या यंत्रज्ञानाविषयी वाद नव्हता. आक्षेप होता तो त्यांनी हुकूम देण्याला. वादाला उत्तर मिळाले ते कामातून. १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा वर्षे, ते त्या पदावर राहिले आणि कारखाना चालत राहिला.

पदभार स्वीकारला त्याच वर्षी, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसरे भारतीय फेलो श्रीनिवास रामानुजन यांची निवड १९१८ मध्ये, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी झाली.

या काळातही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. १८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले. १८५१ मध्ये त्यांची ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची कला यांचा मुंबईला परिचय करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. निवृत्तीनंतर काही काळ त्यांनी सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीत काम पाहिले. अखेरची वर्षे त्यांनी लंडनजवळील रिचमंड येथे घालविली. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

लोखंडी आगबोटींनी पुढे सागवानी जहाजांना समुद्रावरून हद्दपार केले आणि वाडियांच्या परंपरागत व्यवसायालाही उतरती कळा लागली. ज्या यंत्रामुळे हे घडणार होते, ते अर्देशीर यांनी परके न मानता आत्मसात केले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. भारतीयांनी यंत्रे वापरावीत, परंतु ती चालविणाऱ्यांवर अधिकार गाजवू नये, ही वसाहतकालीन समजूत त्यांनी स्वातंत्र्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या गोदीत खोटी ठरविली होती.