ऑक्सफर्डचा पंडित गोंडांच्या जंगलात आला, त्यांचा आवाज जगाला ऐकवला. पण घरातल्या कोसीचं काय?

भामरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं पार टोक. इथं पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाकी जगाशी संपर्क तुटतो. इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडचा बस्तर. कागदावर ही राज्याची हद्द आहे, पण माडिया गोंडांची वस्ती दोन्ही काठांवर आहे.

या लोकांबद्दल शहरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर ते मागासलेले, नाहीतर जंगलात सुखानं नाचगाणं करणारे. या दोन्ही समजुतींपलीकडे जाऊन गोंडांचं प्रेम, आजार, राग आणि मरण समजून घ्यायला एक इंग्रज माणूस पुण्यामार्गे या जंगलांकडे आला होता. त्यांचं नाव व्हेरिअर एल्विन.

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील बिशप. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. पुढे प्राध्यापक होऊन आरामात जगता आलं असतं. पण १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. थोड्याच दिवसांत गांधीजींची भेट झाली आणि धर्मप्रचाराला आलेला हा तरुण स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलायला लागला.

पुण्यातच त्यांना आयुष्यभराचा मित्र मिळाला, शामराव हिवाळे. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी गोंडांकडे लक्ष वेधलं आणि १९३२ च्या सुरुवातीला ही जोडी आजच्या मध्य प्रदेशातल्या करंजिया गावी जाऊन राहिली. तिथं त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी घर बांधलं. नागपूरच्या बिशपनं मात्र एल्विन यांना धर्मोपदेशकाचा परवाना दिला नाही. पुढे त्यांनी चर्चच सोडलं.

दवाखान्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आजारी माणूस फक्त दुखणं सांगत नाही, त्यासोबत गाणं, स्वप्न, देव, जादूटोणा, भांडण असं सगळं सांगतो. गोळी देऊन ताप उतरेल, पण माणूस समजायचा तर हे सगळं ऐकावं लागेल. साहित्याचा अभ्यास इथं कामी आला. त्यांनी आणि हिवाळे यांनी शेकडो लोकगीतं गोळा केली.

१९४० च्या सुमारास एल्विन बस्तरमध्ये कामाला आले. इंद्रावतीच्या दक्षिणेकडच्या माडियांमध्ये खून आणि आत्महत्या जास्त होतात, असं सरकारी कागद सांगत होते. एल्विन यांनी खुनाच्या १०० प्रकरणांचा अभ्यास केला. कारणं निघाली ती कुठल्याही माणसाची. संशय, दारू, जमिनीचे वाद, अगदी थकवासुद्धा. १९४३ साली त्यावर पुस्तक आलं. माडिया जन्मजात क्रूर असतात, या समजुतीला हे उत्तर होतं.

१९४७ साली मुरिया गोंडांच्या घोटुलवर त्यांचा मोठा ग्रंथ आला. मुरियांच्या घोटुलमध्ये मुलं-मुली एकत्र राहायची, तर माडियांकडे तिथं झोपायचे ते फक्त मुलगे. हा फरक आजही अनेकांना माहीत नसतो. घोटुल म्हणजे स्वैराचार नाही, त्यालाही कडक नियम आहेत आणि मुलींना तिथं मान आहे, असं त्यांनी दाखवलं.

पण खरी अडचण त्यांच्या घरातच होती. १९४० साली त्यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. दोघांच्या वयात मोठं अंतर होतं. एक मुलगा झाला. १९४९ साली घटस्फोट झाला. गोंड बायकांबद्दल शेकडो पानं लिहिणाऱ्या माणसानं आत्मचरित्रात या लग्नाला मोजक्या ओळी दिल्या. पुढे त्यांनी लीला यांच्याशी लग्न केलं, १९५४ साली भारतीय नागरिकत्व घेतलं आणि ईशान्य भारतातल्या आदिवासी भागासाठी सरकारचे सल्लागार झाले. १९६१ साली पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कोसी त्यांच्यानंतर ४६ वर्षं जगल्या. आपल्या गावी, गरिबीत. २०१० च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. त्यांनी स्वतः लिहिलेलं एक पानही नाही.

म्हणून एल्विन यांचं काम खोटं ठरतं का? तर नाही. आदिवासींना आधी ऐका, मग त्यांच्याबद्दल ठरवा, हा त्यांचा धडा आजही खरा आहे. फक्त तो त्यांना स्वतःच्या घरात पुरता पाळता आला नाही.

आज भामरागडच्या गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. त्यावर डॉक्टर बोलतात, अधिकारी बोलतात, शहरातले लोक पोस्ट टाकतात. त्या कुर्माघरात राहणारी बाई काय म्हणते, हे विचारायचं मात्र बऱ्याचदा राहून जातं. कोसीच्या वेळीही तेच राहून गेलं होतं.