धोतरातला नेता : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

निवडणूक जवळ आली की गल्लीगल्लीत फ्लेक्स लागतात. हात जोडलेला नेता, मागे बाबासाहेबांचा फोटो, खाली पंचवीस शुभेच्छुक. आता रील बनवणारी माणसंही पगारावर ठेवली जातात. नेत्याने आपला 'ब्रँड' उभा केला पाहिजे, असे प्रशिक्षण शिबिरांतून शिकवले जाते. अशा वेळी भाऊराव कृष्णराव गायकवाड यांची आठवण होते. समाजात त्यांची ओळख एवढी पक्की होती की सरकारी कागदावरही आज त्यांचे नाव 'कर्मवीर' या उपाधीसकट लिहिले जाते.

१५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी त्यांचा जन्म झाला. ते पुढे आले ते काळाराम मंदिर सत्याग्रहात. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब त्याचे नेते. पण त्यांच्यामागे मुंबईची कामे होती, त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. नाशिकची आघाडी रोज सांभाळायची होती दादासाहेब, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. तुकड्या उभ्या करायच्या, गावोगावच्या लोकांच्या भाकरीची सोय बघायची, अटक झालेल्यांच्या घरी जायचे, स्वतः तुरुंगात जायचे. सत्याग्रहात गेले म्हणून गावात काम बंद, वाट बंद झालेली माणसे त्यांच्याच दारात येत. हे वर्षानुवर्षे चालले.

बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती जरूर वाचावीत. सभा, पैसा, उमेदवार, कोणाला काय कळवायचे, अशा बारीकसारीक गोष्टींनी ती भरलेली आहेत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा मार्ग पुढे न रेटण्याचे कळवले. ज्या लढ्यासाठी स्वतः तुरुंगवास भोगला, तो थांबवायचा, आणि आपल्या शब्दावर आलेल्या लोकांना ते समजावून सांगायचे. येवल्याची घोषणा व्हायला त्यानंतर दीड वर्ष लागले. मधल्या काळात नाशिकचा कार्यकर्ता त्यांना सोडून गेला नाही.

दादासाहेबांचा पोशाख धोतराचा होता. बाबासाहेबांच्या सुटाला मोठा अर्थ होता, ज्यांना अंगभर कपडा घालू दिला जात नव्हता त्यांच्या वतीने तो घातलेला होता. त्या सुटाची नक्कल करणे सोपे होते आणि अनेकांनी केली. दादासाहेब मुंबई विधिमंडळात गेले, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत गेले, १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. राहणी शेतकऱ्याचीच राहिली. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. एका बाजूला शहरातले, शिकलेले, वकील मंडळी. त्यांनी स्वतःला 'दुरुस्त' म्हणवले आणि दादासाहेबांचा गट 'नादुरुस्त' ठरला. धोतरवाल्यांना पक्ष चालवायची अक्कल नाही, असा त्यातला सूर. आपल्याच माणसांनी आपल्या माणसाच्या कपड्यावर बोलावे, हे त्या फुटीतले सर्वांत वाईट प्रकरण. घटनेची भाषा कोणाची आणि शेताच्या बांधावरची भाषा कोणाची, असा तो खरा वाद होता.

दादासाहेबांनी उत्तर दिले ते जमिनीच्या प्रश्नावर. १९५९ मध्ये मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, एवढी साधी मागणी. त्यात सवर्ण भूमिहीनांनाही जागा होती. मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला. जमीन, किमान वेतन, धान्य, बौद्धांच्या सवलती, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा मागण्या होत्या. लाखाच्या वर माणसे तुरुंगात गेली आणि शास्त्री सरकारला बोलणी करावी लागली. मोलमजुरी बुडवून एवढी माणसे निघाली, कारण हाक देणारा आपल्यासारखाच दिसतो, आपल्यासारखेच बोलतो आणि आपल्याआधी पोलिसांच्या गाडीत बसतो, हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत होते.

पण या कमाईचा एक भाग नंतर खर्चीही पडला. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेत वाटा मिळाल्याशिवाय खेड्यातल्या माणसाची कामे होत नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला, असे माझे मत. वाटा मिळाला तो थोड्या पुढाऱ्यांना, आणि पक्षाचे आणखी तुकडे झाले. त्यांच्यावरच्या विश्वासामुळेच अनेकांनी ही युती निमूट स्वीकारली, हे विसरता येत नाही. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या तालुक्यात या योजनेत किती कुटुंबांच्या नावे सातबारा झाला, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारता येते.