श्रीमंत सयाजीराव महाराज आणि गावोगावच्या ग्रंथपेट्या

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळरावाच्या हाती बाराव्या वर्षापर्यंत पुस्तक असे फारसे पडलेच नव्हते. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी भाऊबंदांतील मुले पाहिली, आणि १८७५ च्या ऐन उन्हाळ्यात, २७ मे रोजी, हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. ज्या वयात इतर मुलांची प्राथमिक शाळा संपते, त्या वयात याची अक्षरओळख सुरू झाली. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच शिकाव्या लागल्या. राज्यकारभाराचे धडे दिवाण सर टी. माधवराव देत. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा महाराज अवघे अठरा वर्षांचे होते.

सयाजीरावांच्या चरित्रात बालपणाची ही उणीव बहुधा कौतुकाने सांगितली जाते. मला तिचे महत्त्व निराळे वाटते. लहानपणीच वाचू लागलेल्या माणसाला वाचन श्वासोच्छ्वासासारखे सहज वाटते. न वाचता काय अडते, हे त्याला सांगता येत नाही. सयाजीरावांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. अमरेली तालुक्यात १८९३ साली आणि पुढे १९०६ मध्ये सबंध राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यापुढचा प्रश्न त्यांना पडला, हे विशेष होय. चार इयत्ता शिकून नांगर धरणाऱ्या मुलाला घरी वाचायला काहीच नसेल, तर तो शिकलेले किती दिवस टिकवील? शाळेवर केलेला खर्च अशा विसरभोळेपणात वाहून जातो, आणि त्यावर ग्रंथालयावाचून दुसरा उपाय नाही, असे त्यांचे मत झाले.

येथे महाराजांच्या प्रवासांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तरुणपणापासूनच त्यांना निद्रानाशाने ग्रासले होते. थंड हवेत राहण्याचा वैद्यांचा सल्ला होता. १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि बडोद्याचा उन्हाळा त्यांच्या वाट्याला बहुधा येईनासा झाला. राजा सदैव परदेशी, अशी टीका त्यांच्यावर होई. संस्थानिकांच्या परदेशगमनावर कर्झनशाहीने १९०० साली घातलेले निर्बंधही त्यांना जाचले. टीकेत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. परंतु हा प्रवासी डोळे मिटून हिंडत नव्हता. अमेरिकेत त्यांनी पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत कोणीही यावे, विनामूल्य पुस्तक घ्यावे आणि घरी न्यावे, अशी रीत होती. १९१० सालच्या दौऱ्यात त्यांनी कनेटिकटमधील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलनसन बॉर्डन यांना बडोद्यास येण्याचे आमंत्रण दिले.

बॉर्डन आले आणि एक स्वतंत्र खातेच उभे राहिले. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकले. पण ग्रंथ देणे सोपे असते; ते सांभाळणारी माणसे कोठून आणायची? ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या बाळगणारा कारकून, अशी तेव्हा आपल्याकडे समजूत होती. बॉर्डन यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग काढला. वर्गीकरण, पत्रकांची सूची, देवघेवीची नोंद या गोष्टी हिंदुस्थानात पद्धतशीरपणे शिकवण्याचा हा पहिला प्रयत्न होता. कार्ड म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माणसे तेथे शिकून ग्रंथालय खात्याचे सेवक बनली. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसलेनी’ हे या विषयाचे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभाग असत. बॉर्डन १९१३ साली परतले. पुढे खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांच्याकडे आली. खेड्यांची बाजू पेटलादचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी सांभाळली. खाते निघण्यापूर्वीच, १९०६ पासून, त्यांनी मित्रमंडळांची ग्रंथालये चालवून गावकऱ्यांना वाचनाची गोडी लावली होती.

खेड्यांसाठी केलेली योजना साधी होती. गावाने वर्गणी जमवावी; तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावी. फुकट मिळालेल्या वस्तूवर माणसाची माया बसत नाही, हे गावात वाढलेल्या या राजाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. जेथे एवढेही जमत नसे, तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. निवडक पुस्तके भरलेली ही पेटी वाचून झाली की परत यायची आणि दुसरी जायची. ने-आणीचा खर्च सरकारचा. ज्यांना अक्षरच येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रे आणि पुढे चलच्चित्रेही गावोगाव नेली जात.

आमचा करजण तालुका कानमच्या काळ्या जमिनीचा, कापसाचा. ज्याने हा मुलूख पाहिला आहे त्याला अशा पेटीचे मोल चटकन कळेल. पावसाळ्यात येथील चिखलात बैलगाडीचे चाक रुतले की निघता निघत नसे. कापूस वेचून झाल्यावर, चैत्र-वैशाखात, वाटा कोरड्या आणि हात मोकळे. करजणला रेल्वेची सोय जुनी; डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लाइन खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, बैलांनी ओढल्या जाणाऱ्या डब्यांनिशी सुरू झाली होती. परंतु स्टेशनापासून आतल्या गावापर्यंतचा रस्ता ऋतूच्याच मर्जीवर चाले. गावच्या ग्रंथालयाचे काम बहुधा शाळेच्या मास्तरांकडे असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, लोकांना वाचायला सवड होती तेव्हाच, मास्तर आपल्या गावी निघाले तर किल्ली कोणी ठेवायची? असले प्रश्न अहवालात शोभत नाहीत. ग्रंथालय मात्र त्यांच्या उत्तरांवरच चालते.

शहरातील सेवकांचाही उन्हाळा सुखाचा नसे. आपल्या हवेत धूळ, कसर आणि वाळवी ही पुस्तकांची त्रिविध पीडा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लाकडाऐवजी पोलादी मांडण्या आणि मजल्यांना काचेची जमीन बसवण्यात आली, तीमागे हाच विचार होता. वाळवीला खायला लाकूड नाही, आगीला धरायला जागा नाही, आणि वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावर झिरपत असल्याने दिव्याची गरज कमी. इतका विचार पुस्तकांचा झाला. मे महिन्यात त्या मांडण्यांतून दिवसभर पुस्तके काढणाऱ्याच्या अंगाची काय अवस्था होत असेल, हे ज्याने असे काम केले आहे त्यालाच विचारावे. महाराज तेव्हा बहुधा युरोपात असत. तरी काम अडत नसे. राजा नसताना चालेल असे खाते त्यांनी बांधले, हे त्यांचे मोठेपण मी त्यांच्या दातृत्वाच्याही वर ठेवतो.

मात्र हुकमाची धाव कोठवर, हेही याच काळात दिसले. अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात धाडले. करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत त्यांच्या वाट्याला तुच्छता आली; शहरात राहायला जागा मिळेना; पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. कामाठी बागेत बसून अश्रू ढाळून ते मुंबईस परतले. ज्या नगरीत ग्रंथालयाची दारे सर्वांना विनामूल्य उघडी करण्यात आली होती, त्याच नगरीत जगातील एका थोर वाचकाला घराचे एक दार उघडले नाही. महाराजांचे चरित्र लिहिताना हा प्रसंग गाळणे म्हणजे त्यांचाच अवमान होय. जे त्यांना साधले नाही, त्यावरूनच त्यांनी कशाशी झुंज घेतली होती ते कळते.

पुढील वीस वर्षांत ग्रंथालये वाढत गेली आणि त्यांची संख्या हजारावर पोहोचली. दोन लाखांच्या निधीतून निघालेल्या श्री सयाजी साहित्यमालेची मराठी व गुजराती पुस्तके त्यांतून वाचली गेली. प्राच्यविद्येचे काम गायकवाड ओरिएंटल सीरिजने केले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९३९ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच तारखेला मोतीभाई अमीन निवर्तले. त्यानंतर पाच दिवसांनी, ६ फेब्रुवारी रोजी, मुंबईत सयाजीराव महाराजांचे देहावसान झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा गादीबरोबरचे पुष्कळसे इतिहासजमा झाले. गावोगावच्या वर्गणीतून उभी राहिलेली कित्येक ग्रंथालये मात्र नव्या राज्याच्या नोंदीत आपल्या जुन्याच नावांनी दाखल झाली, आणि मांडवीच्या इमारतीत देवघेव चालूच राहिली.