जेलीफिशला ॲनाचं नाव

आपल्या जालन्यात समुद्र नाही, पण समुद्रापायी डॉक्टरकी सोडणाऱ्या एका वेड्याची गोष्ट ऐका. एर्न्स्ट हेकेल, जन्म १८३४, जर्मनी. १८६४ मध्ये ऐन त्याच्या तिसाव्या वाढदिवशी बायको ॲना वारली. गड्याने स्वतःला कामात बुडवून घेतलं. ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्याच्याच १८६६ च्या ग्रंथातला. पुढे एका जेलीफिशच्या लांब तंतूंत त्याला ॲनाचे केस दिसले, म्हणून तिला ॲनाचंच नाव दिलं. १८८१ मध्ये सिलोनला जाताना तो मुंबईतही उतरला होता.

कंगव्यासारख्या आठ पट्ट्यांनी पोहणारे पारदर्शक टेनोफोरा त्याने काय देखणे काढलेत! (भ्रूणांची चित्रं मात्र सोयीने काढली, ते खटकतंच.) वंशवृक्षात त्याने टेनोफोरांना जेलीफिशशेजारी बसवलं. १९१९ मध्ये येना गावी त्याचं निधन झालं. २०२३ मध्ये संशोधकांनी गुणसूत्रं ताडून पाहिली, तर टेनोफोरांची फांदी बाकी सगळ्या प्राण्यांच्या आधीच वेगळी झालेली दिसली.