बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे चित्रकार, शिल्पकार, चित्रपट दिग्दर्शक आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक होते. भारतीय मूकपटांच्या नेपथ्यात रंगवलेल्या पडद्यांच्या जागी प्रत्यक्ष उभारलेल्या, लांबी-रुंदीबरोबर खोलीही असलेल्या वास्तू आणण्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांना दिले जाते.

पूर्वायुष्य

बाबूरावांचे घराणे कारागिरांचे होते. वडील कृष्णराव अनेक हस्तकलांमध्ये निष्णात होते व त्यांच्याच हाताखाली बाबूरावांचे शिक्षण झाले. कलाशाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. नात्याने भाऊ असलेले आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटकांचे पडदे रंगवू लागले. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी रंगभूमीसाठी या दोघांनी केलेल्या पडद्यांना मोठी मागणी होती. 'पेंटर' हे नाव याच व्यवसायातून पडले आणि मूळ आडनावापेक्षा तेच रूढ झाले.

पडद्याची कला ही सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करण्याची कला आहे. दरबाराचे खांब मागे मागे लहान होत जातात, रस्ता दूरच्या एका बिंदूला मिळतो आणि प्रेक्षकाला तेथे दालन किंवा नगर दिसते. मात्र हा आभास ठरावीक अंतरावरून आणि ठरावीक कोनातूनच टिकतो. नट पडद्याच्या फार जवळ गेला की चित्रातला वाडा त्याच्या खांद्याइतकाच उंच भासू लागतो.

कॅमेरा व कंपनी

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या प्रभावाने दोघा भावांनी चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचे त्यांचे प्रयत्न चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध केला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल पुरवले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. चित्रपट हा धंदा आहे की केवळ छंद, याचीच लोकांना खात्री नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की पुढे ते परीक्षकांनी काढून टाकायला लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

नेपथ्यातील कार्य

पडदे रंगवण्यात हयात घालवू शकला असता, अशा माणसाने चित्रपटातून पडदा हद्दपार करावा, हे वरकरणी विचित्र वाटते. वस्तुतः पडद्याची मर्यादा पडदे रंगवणाऱ्यालाच अधिक चांगली ठाऊक असते. नाटकगृहातील मंद प्रकाशात जे खपते ते सूर्यप्रकाशातील चित्रीकरणात उघडे पडते. ऊन सरकते, पण पडद्यावर रंगवलेली सावली सरकत नाही. उघड्या जागेत वारा आला की दगडी भिंतीला सुरकुत्या पडतात. शिवाय कॅमेरा जागा बदलू लागला की एका कोनातून साधलेला आभास मोडतो.

उभारलेल्या वास्तूत या अडचणी राहत नाहीत. खांब खरोखर गोल असला की त्याची सावलीही खरी पडते आणि पात्र त्याच्या आडून बाहेर येऊ शकते. अर्थात हेही सोंगच असते. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड, ओतीव नक्षी आणि वरून दिलेला रंग मिळून राजवाडा तयार होतो. मागे फक्त टेकू असतात. जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते बांधायचे नाही, हा हिशेब प्रत्येक सेटमागे असतो. रंग निवडतानाही डोळ्यावर विसंबून चालत नसे, कारण त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा आणि निळा जवळजवळ पांढरा उमटत असे. शिल्पकला, चित्रकला आणि कारागिरी एकाच माणसाच्या हातात असल्याचा लाभ येथे झाला. पात्रांचे पोशाख व हालचाली यांची रेखाचित्रे बाबूराव आधी स्वतः काढीत. जाहिरातीची भित्तिचित्रेही ते स्वतः रंगवीत.

'सिंहगड' (१९२३) या ऐतिहासिक चित्रपटात त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले.

'सावकारी पाश' (१९२५) मध्ये मात्र राजवाडे नव्हते. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकाराने नाडलेला शेतकरी आणि त्याची मोडकी झोपडी होती. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भव्य दरबार उभारण्यापेक्षा दारिद्र्य खरे वाटेल अशी झोपडी उभारणे सोपे नाही, आणि जाणकारांनी या चित्रपटाची वाखाणणी केली ती त्यातील वास्तवतेसाठीच. पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. १९३६ मध्ये बाबूरावांनी त्याचा बोलपट काढला.

कंपनीचा शेवट

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी बाहेर पडले व त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हा आघात मोठा होता. एकाच वेळी दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि नेपथ्यकार गेले. बोलपटाविषयी बाबूरावांना फारसे आकर्षण नव्हते. लवकरच कंपनी बंद पडली. त्यानंतर त्यांनी 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) यांसारखे मोजके बोलपट केले, पण अधिक वेळ चित्र आणि शिल्पातच घालवला. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) हा चित्रपट त्यांनी सुरू केला आणि शांतारामांनी पूर्ण केला.

वारसा

प्रभातच्या भव्य सेटमागे महाराष्ट्र फिल्म कंपनीतील शिक्षण होते. या विद्येचा पुढचा प्रवास चित्रपटापुरता राहिला नाही. बाबूरावांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, १७ जुलै १९५५ रोजी, कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. त्याच्या रचनाकारांत चित्रपटांचे कलादिग्दर्शक होते. तेथील मुख्य रस्त्यावरील घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधून ती उंच भासवली आहेत. १९६९ च्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये बाहेरून दिसणारा वाडा हे केवळ प्रवेशद्वार आहे. पाहुण्यांना नकळत जमिनीखाली उतरवून रेल्वेमार्गापलीकडच्या प्रचंड, अनाकर्षक इमारतीत नेले जाते आणि सफर तेथे घडते. या रचनाकारांचा कोल्हापूरशी काही संबंध नव्हता. दर्शनी भाग, त्यामागचा सांगाडा आणि पाहणाऱ्याची ठरवलेली जागा हे तत्त्व मात्र तेच आहे. फरक इतकाच की उद्यानात कॅमेऱ्याच्या जागी चालता माणूस असतो आणि त्याला मागची बाजू दिसू न देणे अधिक कठीण असते. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातील छताखालच्या सफरींनाही असेच दर्शनी मुखवटे आहेत.

सेट चित्रीकरणानंतर मोडले जात. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रतीही आज उरलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या नेपथ्याचा अभ्यास प्रामुख्याने जुनी छायाचित्रे आणि माहितीपुस्तिका यांच्या आधारे केला जातो. चित्रपटाबरोबर अशा सचित्र पुस्तिका काढण्याची प्रथा १९२१-२२ च्या सुमारास बाबूरावांनीच सुरू केली होती.